१६७६ ची दोन प्रायश्चित्तं

१२ जानेवारी १६७६. अजून उजाडलं नव्हतं. जुन्या गोव्यात, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज राजधानीत, इन्क्विझिशन या ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या तुरुंगातले कैदी एका लांब दालनात भिंतीला पाठ लावून उभे केले होते. दोनशेच्या आसपास माणसं, सगळ्यांच्या अंगावर पांढऱ्या पट्ट्यांचे काळे कपडे. एकमेकांशी बोलायला बंदी. आपल्याला आज जाळणार की सोडणार, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं.

त्या रांगेत शार्ल देलाँ नावाचा एक तरुण फ्रेंच डॉक्टर होता. दमणला वैद्यकी करता करता बाप्तिस्म्याबद्दल, मूर्तींबद्दल आणि खुद्द इन्क्विझिशनबद्दल तो जरा सैल जिभेने बोलला. कुणीतरी कागाळी केली आणि १६७३ च्या ऑगस्टमध्ये त्याला धरलं. पुढची दोन वर्षं त्याने गोव्याच्या कोठडीत काढली. जीव द्यायचाही प्रयत्न करून पाहिला. त्या पहाटे त्याच्या गळ्यात पिवळ्या कापडाचा एक झगा घातला गेला, पुढे-मागे तिरपे क्रूस असलेला. हा सांबेनितो. काहींसाठी वेगळे झगे आणले होते, त्यांवर ज्वाळा आणि सैतान रंगवलेले. सोबत कागदाच्या उंच टोप्या. त्या आपल्याच डोक्यावर येणार, अशी देलाँची खात्री झाली होती. त्या दुसऱ्यांच्या निघाल्या.

मग न्याहारी आली, पाव आणि अंजिरं. त्याने नको म्हटलं. पहाऱ्यावरचा माणूस म्हणाला, खिशात तरी ठेव, परत येईपर्यंत भूक लागेल. त्या एका वाक्यावरून देलाँला कळलं की आपण परत येणार आहोत. वर्षानुवर्षं चाललेल्या खटल्यातला खरा निकाल त्याला असा पावाच्या तुकड्याबरोबर कळला.

उजाडता उजाडता कॅथेड्रलची मोठी घंटा वाजू लागली आणि मिरवणूक निघाली. सगळे अनवाणी, प्रत्येकाच्या हातात पिवळी मेणबत्ती, शेजारी एक प्रतिष्ठित गृहस्थ ‘धर्मपिता’ म्हणून. सर्वांत पुढे डॉमिनिकन पाद्री आणि संत डॉमिनिकचा ध्वज. तासाभरापेक्षा जास्त वेळ धारदार खड्यांवरून चालून देलाँच्या पायांतून रक्त येत होतं. सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये प्रवचन झालं. प्रवचनकाराने इन्क्विझिशनची तुलना नोहाच्या तारवाशी केली आणि वर तारवापेक्षा ती श्रेष्ठ ठरवली. तारवात प्राणी जसे शिरले तसेच बाहेर पडले, इथे मात्र लांडगे शिरतात आणि कोकरं होऊन निघतात, असा त्याचा मुद्दा. श्रोत्यांत दोनशे कोकरं पायांतलं रक्त पुसत बसली होती.

नंतर एकेकाला मधे उभं करून शिक्षा वाचल्या गेल्या. देलाँची मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपारी, पाच वर्षं पोर्तुगालच्या गलबतांवर सक्तमजुरी. शिवाय धार्मिक भाग वेगळा: तीन वर्षं नेमाने कुमसार, म्हणजे पाद्रीपुढे पापकबुली, रोजच्या ठरावीक प्रार्थना, आणि आत जे पाहिलं-ऐकलं ते कुणालाही न सांगण्याची शपथ. एक पुरुष आणि एक बाई, दोघेही इथलेच ख्रिस्ती, जाळण्यासाठी नदीकाठी नेले गेले. त्यांच्याबरोबर चार मेलेल्या माणसांचे पुतळे आणि पेट्यांत भरलेली त्यांची हाडं होती. मेलेल्यांनाही सुटका नव्हती.

देलाँ पुढे लिस्बनला पोचला, १६७७ मध्ये सुटला आणि १६८७ साली त्याने शपथ मोडून सगळं छापून टाकलं. आपल्याला त्या दिवसाची इतकी बारीक माहिती आहे ती या शपथभंगामुळे.

याच वर्षी, या पहाटेनंतर पाच महिन्यांनी, १९ जूनला (शके १५९८, आषाढ वद्य चतुर्थी), मराठी मुलुखात दुसऱ्या एका माणसाने प्रायश्चित्त घेतलं. नेताजी पालकर. एके काळचा शिवाजी महाराजांचा सरनोबत. १६६६ मध्ये मोगलांनी त्याला कैद केलं, दिल्लीला नेलं, तिथे तो मुसलमान झाला, मुहम्मद कुली खान या नावाने काबूलच्या बाजूला चाकरी करत राहिला. नऊ-दहा वर्षांनी दख्खनेत परतला, महाराजांकडे आला आणि शुद्ध होऊन आपल्या नावाने जगू लागला. जेधे शकावलीत याची नोंद एखाद्या ओळीची आहे. झगा नाही, मिरवणूक नाही, प्रवचन नाही. विधी कुठे झाला, कोणी केला, दक्षिणा किती, यातलं काहीच त्या ओळीत नाही. एका बाजूला अख्खं पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला एक ओळ.

म्हापशात राहणाऱ्या माणसाला ही दोन जगं फार लांबची वाटत नाहीत. शापोरा नदी ओलांडली की पेडणे, पूर्वेला गेलं की डिचोली. शुक्रवारच्या बाजाराला दोन्हीकडची माणसं सकाळीच येऊन दाखल होतात. सतराव्या शतकात मात्र, म्हापसा ज्यात येतं त्या बार्देशच्या कडेने पोर्तुगीजांचे कोलवाळ-थिवीचे कोट उभे होते. पलीकडे कधी आदिलशाही, कधी वाडीचे सावंत-भोसले, कधी शिवाजी महाराजांचा अंमल. १६६७ च्या नोव्हेंबरात, बार्देशात आसरा घेतलेल्या बंडखोर देसायांचा पाठलाग करत, महाराजांची फौज या कोटांच्या आत येऊन गेली होती. म्हणजे ती हद्द राज्यांची होती तशीच पापपुण्याच्या दोन न्यायालयांचीही होती. अलीकडे जो अपराध, तो पलीकडे धर्म, आणि उलटही.

गोव्यात इन्क्विझिशन आली १५६० साली. आलेइशू दियश फाल्कांव आणि फ्रान्सिस्कु मार्किश हे पहिले दोन न्यायाधीश. फ्रान्सिस झेवियरने त्याआधी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र पाठवून तिची मागणी केली होती. ती स्थापन झाली तेव्हा तो हयात नव्हता. तिला जागा मिळाली आदिलशहाच्या जुन्या वाड्यात. लोकांच्या तोंडी ते ‘व्हडलें घर’. नाव घ्यायची वेळ आली तर आवाज खाली करून घ्यायचं.

या न्यायालयाचा अधिकार मुळात बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. हिंदूंनाही त्याची झळ लागे, विशेषतः कुणा नवख्रिस्त्याला जुन्या वाटेने नेल्याचा आरोप आला तर. सुरुवातीचं लक्ष्य पोर्तुगालहून आलेले, ज्यू वंशाचे ‘नवे ख्रिस्ती’. गार्सिया द ओर्ता हा त्यांतला सर्वांत नामांकित. याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जाळलं. तिच्या आणि इतर नातेवाइकांच्या जबान्यांवरून तोही छुपा ज्यू ठरला, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळण्यात आली. मेल्यानंतर बारा वर्षांनी माणूस दोषी. पणजीतल्या बागेला आज त्याच ओर्ताचं नाव आहे.

पुढे मात्र खटल्यांची मोठी संख्या इथल्याच माणसांची झाली. १५६१ ते १७७४ या काळात सोळा हजारांहून अधिक खटले चालले. जाळलेल्यांची संख्या त्या मानाने फार लहान आहे. ती वाचून काही जण म्हणतात, बघा, इतकं काही भयंकर नव्हतं. मला हा हिशोब पटत नाही. या न्यायालयाचं काम माणसं मारणं नव्हतं, माणसांकडून कबुली घेणं होतं. आरोप काय, तो कोणी केला, हे आरोपीला सांगत नसत. त्याने आठवून आठवून स्वतःच सांगायचं, शिवाय आपल्याबरोबर आणखी कोण होतं तेही. नावं दिल्याशिवाय पश्चात्ताप खरा मानला जात नसे. म्हणजे एकाच्या प्रायश्चित्तातून दुसऱ्याचा खटला जन्माला येई. भाऊ भावाला, शेजारी शेजाऱ्याला घाबरू लागतो तो इथे. चिता हे त्या यंत्राचं एक टोक होतं, मधलं सगळं यंत्र कुमसाराचं होतं.

आणि गुन्हे कसले? १७३६ च्या एप्रिलमध्ये इन्क्विझिशनने काढलेला हुकूमनामा वाचला म्हणजे आपण न्यायालयात आहोत की कुणाच्या स्वयंपाकघरात, असा प्रश्न पडतो. ख्रिस्ती घरात तुळस लावायची नाही. लग्नात हळद लावायची नाही, विडा-सुपारीची देवघेव नाही, ओव्या नाहीत. एकादशीचा उपास नाही, ग्रहण पाळणं नाही. पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचं नाही, बायकांनी हिंदू पद्धतीची चोळी घालायची नाही. आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकं कलम: भात मीठ न घालता शिजवायचा नाही. हिंदू घरात भात अळणी शिजतो, मीठ वरून घेतात. चुलीवरच्या भांड्यात मीठ केव्हा पडलं, यावरून माणसाचा धर्म तपासला जात होता. बार्देशातल्या किती घरांनी त्या काळी शेजारीण दाराशी आली की भाताचं झाकण घाईने लावलं असेल!

धर्मांतर होऊन दोनशे वर्षं होत आली तरी असा हुकूम काढावा लागतो, याचा सरळ अर्थ असा की दोनशे वर्षं लोक भात अळणीच शिजवत होते.

आता नदीपलीकडे. बार्देश १५५५ मध्ये फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या वाट्याला आला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इथली देवळं पाडली गेली. ज्यांना जमलं ते लोक देव पोटाशी धरून पलीकडे गेले. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर, कदंबांचं कुलदैवत, नदी ओलांडून डिचोली महालातल्या नार्व्याला आला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. शके १५९० कार्तिक कृष्ण पंचमीचा शिलालेख अजून देवळाच्या दारावर आहे. नार्व्याच्या तीर्थावर गोकुळाष्टमीचं स्नान चालतं. पाण्याने पाप धुतलं जातं हा आपल्याकडचा जुनाच भाव. पलीकडच्या बाजूला, पोर्तुगीज राज्यात, त्याच पाण्यात बुडी मारणं हा ख्रिस्ती माणसासाठी गुन्हा.

आपल्या शास्त्रातही पापांचं कोष्टक काही कमी काटेकोर नाही. याज्ञवल्क्य स्मृतीचे तीन भाग आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. ब्रह्महत्या, सुरापान, सोन्याची चोरी, गुरुपत्नीशी संग ही चार महापातकं. असं पातक करणाऱ्याशी संबंध ठेवणं हे पाचवं. ब्रह्महत्येला बारा वर्षं वनवास, हाती कवटी, भिक्षेवर गुजराण. लहानसहान पापांना कृच्छ्र, चांद्रायण, पंचगव्य. चांद्रायणात घास चंद्राच्या कलेप्रमाणे वाढवायचे आणि उतरवायचे. म्हातारे, मुलं, बायका, आजारी यांना निम्मं. ज्याला उपास झेपत नाही त्याने गाय द्यावी, गाय नसेल तर तिची किंमत द्यावी. ही शेवटची सोय कोणाच्या सोयीची झाली, हे सांगायला नको. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात हा सगळा पसारा मांडला आहे. वाचताना आपण एखाद्या सरकारी दरपत्रकात शिरलो की काय असं वाटतं.

पण त्या दरपत्रकात एक फार महत्त्वाची चर्चा आहे. मुद्दाम केलेलं महापातक प्रायश्चित्ताने जातं का? याज्ञवल्क्य स्मृतीवरच्या मिताक्षरा या टीकेत विज्ञानेश्वर यावर खल करतो. चुकून झालेलं पाप प्रायश्चित्ताने धुतलं जातं. जाणूनबुजून केलेलं पाप कदाचित जात नाही, पण प्रायश्चित्त घेतलेला माणूस ‘व्यवहार्य’ होतो, म्हणजे त्याच्याशी बोलता-चालता येतं, त्याला पंक्तीत बसवता येतं. देवाचं खातं वेगळं, गावाचं खातं वेगळं. गावाचं खातं मिटवणं माणसांच्या हाती आहे. माझ्या वाचनात या शास्त्रातली सर्वांत शहाणी जागा हीच.

नेताजीच्या बाबतीत हेच घडलं. सक्तीने परधर्मात गेलेल्यांना परत घेण्याची तरतूद देवलस्मृतीत होती, वीस वर्षांपर्यंतची मुदतही होती. फलटणच्या बजाजी नाईक निंबाळकरांना त्याआधी असंच परत घेतलं गेलं होतं, आणि महाराजांनी आपली मुलगी सखुबाई त्यांच्या मुलाला दिली. शास्त्र जुनंच होतं, ते उघडून वाचायची हिंमत राजाने केली. उलट बाजूही पाहायला हवी. ज्याच्या पाठीशी राजा नव्हता त्याचं काय? बार्देशातून पळून पेडण्यात आलेल्या एखाद्या साध्या कुळवाड्याला, ज्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं होतं, जातीच्या सभेने किती सहज पंक्तीत घेतलं असेल? प्रायश्चित्त हा परतीचा रस्ता खरा, पण त्यावर जकातनाका असतो, आणि नाक्यावरचा माणूस तुमचं तोंड बघून जकात ठरवतो. जुन्या गोव्यात नाकेदार एकच होता आणि तो सर्वांना सारखाच कठोर होता. आपल्याकडे नाकेदार गावोगाव होते.

राजाच पापी असेल तर? ३० ऑगस्ट १७७३ ला, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना कापून काढलं. वय अठरा वर्षांचं. काका रघुनाथराव गादीवर बसले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली. कटात गुंतलेली एकोणपन्नास माणसं निघाली, त्यांत तेरा गारदी आणि बहुसंख्य ब्राह्मण. मुळाशी खुद्द रघुनाथराव. गादीवरच्या माणसाने विचारलं, प्रायश्चित्त काय? शास्त्र्यांनी सांगितलं, देहान्त. याशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही. आणि नोकरी सोडून ते वाईजवळच्या पांडववाडीला निघून गेले. हा प्रसंग आपल्यापर्यंत मुख्यतः ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातून आला आहे, नाटक-कथांनी त्यावर पुष्कळ रंग चढवला. रंग काढला तरी गाभा उरतो. विज्ञानेश्वराने ठेवलेली ‘व्यवहार्य’तेची फट रामशास्त्र्यांनी राजासाठी उघडली नाही. आणि निकालाची अंमलबजावणी करणारा कोणी नव्हता, हेही तितकंच खरं. जुन्या गोव्यातल्या न्यायालयापाशी तुरुंग होता, शिपाई होते, गलबतं होती. रामशास्त्र्यांपाशी राजीनामा होता.

रघुनाथराव त्यानंतर दहा वर्षं जगले आणि ११ डिसेंबर १७८३ ला कोपरगावी वारले. दरम्यान इंग्रजांची मदत मागायला त्यांनी वकील विलायतेला पाठवले. १७८१ मध्ये त्यांतल्या हणमंतरावाचा आणि सोबतच्या मण्यार नावाच्या पारश्याचा पाहुणचार ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कने आपल्या घरी केला. परतल्यावर समुद्र ओलांडल्याचं पाप निघालं. कंपनीच्या फौजेतला फ्रान्सिस विल्फर्ड याने लिहून ठेवलंय की पंडितांनी सोन्याची योनी करवून घेतली आणि ब्राह्मण वकिलांना तिच्यातून पार करून, नवा जन्म झाला असं मानून, जातीत घेतलं. पुतण्याच्या रक्ताचा डाग लागलेला धनी तसाच राहिला, आणि त्याच्या कामासाठी गलबतात बसलेल्या वकिलांना सोन्यातून जन्म घ्यावा लागला.

शंभर वर्षांनी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं, ते १८९० चं प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. त्यात शिरत नाही. एवढंच नोंदवतो की रामशास्त्र्यांचं शास्त्र शतकभरात कपबशीपर्यंत आलं होतं.

गोव्यात इन्क्विझिशनचा जोर अठराव्या शतकात ओसरू लागला. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या काळात, १७७४ मध्ये, ती बंद झाली, १७७८ मध्ये नरम होऊन पुन्हा सुरू झाली, १८१२ मध्ये कायमची संपली. नेमक्या याच वर्षांत पोर्तुगीजांनी नवे प्रांत घेतले: डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ मध्ये, पेडणे १७८८ मध्ये. नव्या काबिजातीत त्यांनी देवळांना, रूढींना हात न लावण्याचं वचन दिलं आणि ते बहुतेक पाळलं. म्हणून म्हापशातून निघून तासाभरात तुम्ही दोन वेगळ्या गोव्यांतून जाता. बार्देशात चौकाचौकात क्रूस, पेडण्या-डिचोलीत गावाच्या वेशीवर देवळं.

त्या देवळांत न्यायाची तिसरी पद्धत चालत आली आहे, पाद्र्यांची नाही आणि शास्त्र्यांचीही नाही. गावकऱ्याने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, कौल घ्यायचा, चूक झाली असेल तर नारळ, तेल, दंड देऊन ‘पदरात घे’ म्हणायचं. आणि इथे देवही चुकतात.

डिचोलीतल्या शिरगावच्या लईराई देवीची कथा सगळ्यांना पाठ आहे. सात बहिणी आणि एक भाऊ, खेतोबा. लईराईने त्याला विस्तव आणायला पाठवलं, तो वाटेत खेळात रमला, उशीर झाला. संतापून तिने त्याला लाथ मारली. नंतर पस्तावली आणि दरवर्षी निखाऱ्यांवरून चालण्याचं प्रायश्चित्त तिने स्वतःला लावून घेतलं. तपशील गावागणिक बदलतो. मुळगावच्या केळबाईने डोक्यावर विस्तव घेतला म्हणतात. एक बहीण मोरजाई, ती पेडण्यात मोरजीला. आणि एक मिराबाई, ती म्हापशाला आली.

वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावची जत्रा भरते. धोंड, म्हणजे व्रत घेतलेले भक्त, आधीचे दिवस सोवळ्यात काढतात, तळीवर न्हातात, साधं अन्न खातात. त्यांच्या हातात लोकरीच्या रंगीत गोंड्यांनी सजवलेल्या वेताच्या काठ्या असतात, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा. होमकुंडाची लाकडं उंच रचलेली असतात. ती रात्री पेटतात, पहाटेपर्यंत खाली बसतात, आणि मग धोंड एकामागून एक त्या निखाऱ्यांवरून जातात. कोणी नावं विचारत नाही, कोणी कबुली घेत नाही. धोंडाचं पाप काय, हे फक्त त्याला आणि देवीला ठाऊक.

मिराबाई म्हणजे म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, सेंट जेरोमच्या चर्चमधली. ईस्टरचा रविवार धरून सोळाव्या दिवशी, सोमवारी, तिचं फेस्त असतं. हिंदू-ख्रिस्ती दोघेही रांगेत उभे राहून तेल वाहतात. लईराईकडून तिला फुलं जातात आणि तिच्याकडून लईराईला तेल, असं सांगतात. १७३६ च्या हुकूमनाम्याने ज्या नात्याला गुन्हा ठरवलं असतं, ते नातं दोन गावांनी बहिणी-बहिणींचं करून टाकलं. व्हडल्या घराच्या डोळ्यांसमोर हे झालं, की ते बंद पडल्यावर, हा वाद अभ्यासकांनी घालावा.

कथा इथे संपवली तर फार गोड होईल, म्हणून एक कडू गोष्ट. १९२८ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या मसूरच्या विनायक महाराज मसूरकरांनी गोव्यात शुद्धीची मोहीम केली आणि गावडे समाजातले हजारो ख्रिस्ती हिंदू झाले. विधी झाले, नावं बदलली. पण रोटीबेटीच्या वेळी जुन्या हिंदूंनी त्यांना आपलं म्हटलं नाही. ते ‘नवहिंदू गावडे’ म्हणून वेगळेच राहिले. प्रायश्चित्त झालं, व्यवहार्यता मिळाली नाही. विज्ञानेश्वराचं वाक्य उलटं झालं.

जुन्या गोव्यातला इन्क्विझिशनचा वाडा पुढे पाडला गेला. तिथल्या खटल्यांचे बहुतेक कागद ती बंद झाल्यावर जाळले गेले. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली तिच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते देलाँसारख्यांच्या साक्षी आणि उरलेसुरले हुकूमनामे गोळा करून. पलीकडच्या बाजूचा इतिहास तर अजून त्याहून विरळ आहे. पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या जुन्या घरांत, देवस्थानांच्या पेटाऱ्यांत मोडीतली शुद्धिपत्रं, दोषपत्रं, जातिसभांचे निवाडे पडून असतील तर वाळवी लागायच्या आत ते पणजीच्या पुराभिलेख खात्यात नेऊन दाखवा. मूळ कागद द्यायचा नसेल तर फोटो काढू द्या. नेताजीच्या वाट्याला एक ओळ तरी आली. ज्यांच्या पाठीशी राजा नव्हता, त्यांचं काय झालं ते त्याच कागदांत सापडेल.